टाचेमागचं बोट

द्राक्षराज शीतगृहात पूर्वी द्राक्षं गार व्हायची, आता पोरं होतात. निफाड तालुक्यात बर्फावरची हॉकी आली कुठून, असं बाहेरचा माणूस विचारतो आणि त्याचं काही चुकत नाही. देशाच्या मुलींनी आशियात पदक काय आणलं, कॉलेजच्या प्रवेशात या खेळाला राखीव जागा काय मिळाल्या, लगेच शीतगृहाच्या मालकांनी हंगाम संपला की रिकाम्या पडणाऱ्या मोठ्या दालनात पाणी ओतून रिंक उभी केली. बाहेर छत्तीस अंश, आत उणे पाच. रिंकभोवती कठडा, कठड्यावर काच आणि काचेपलीकडं आईबाप. त्यांचं तापमान सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

हे आईबाप काच बडवायचे. उलथन्यानं, जेवणाच्या डब्यानं, हातातल्या कड्यानं. आपल्या पोरीला ओरडून सांगायचे की पास देऊ नको, स्वतःच मार. एका आजोबांनी पंचाच्या अंगावर गरम चहा फेकला होता आणि त्यांची नात सामना जिंकूनही रडत बाहेर आली होती. हर्षदा डेर्ले पाच वर्षं हे बघत होती. ती तिथं खेळाडूंची मनगटं मोजायची. त्याआधी ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण काढायची, त्यामुळे हाडं हा तिचा जुना विषय. आईबाप हा नवीन.

रिंकवर दसऱ्याची एक प्रथा होती. ती आंगमो मॅडमनी लावलेली. त्या लेहजवळच्या एका गावातल्या, इथल्या मुख्य प्रशिक्षक, आणि आता मराठी बोलायच्या ती अस्सल निफाडी. त्यांच्या गावात गोठलेल्या तळ्यावर सात पोरींत मिळून स्केटचे दोन जोड असायचे. म्हणून त्यांनी इथं नियम केला, की दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर ज्याला बूट लहान झाले त्यानं ते रिंकच्या मधोमध आणून ठेवायचे आणि ज्याला बसतील त्यानं उचलायचे. बूट लहान झाला की नाही, हे बघायची त्यांची रीतही ठरलेली. पाय पुढं सरकवून बोटं टोकाला टेकवायची आणि टाचेमागं आपलं एक बोट घालून बघायचं. बोट सहज गेलं तर बूट अजून वर्षभर चालेल. बोट अडलं तर बूट ढिगात.

पहिल्या दसऱ्याला तो ढीग गुडघ्याएवढा होता. या दसऱ्याला तिथं तीन जोड होते.

कुणाला काही वाटलं नाही. उलट आईबाप खूश. हल्लीचे बूट कसे टिकतात, पोरी कशा जपून वापरतात, असं एकमेकांना सांगत त्यांनी पानं वाटली. हर्षदानं आपल्या भाचीच्या, ज्ञानदाच्या, टाचेमागं बोट घालून पाहिलं. बोट आरामात आत गेलं. गेल्या दसऱ्यालाही असंच गेलं होतं, त्याच्या आदल्यालाही.

ज्ञानदा चौदा पूर्ण झालेली. बूट तेच, बारा वर्षांची असताना घेतलेले. बूट जपून वापरला म्हणून पाय थोडाच वाढायचा थांबतो? पण हा साधा प्रश्न त्या दुपारी हर्षदाच्या डोक्यात आला नाही, आणि याबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही. कडाळ्यांची अकरा वर्षांची शरयू दोन वर्षं त्या बुटांवर डोळा ठेवून होती. ती तेवढी हिरमुसली.

आता बांगडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

खेळाडूंचे गट जन्मतारखेनं पाडले की जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं निघतं. ते उंच, ते दणकट, म्हणून त्यालाच खेळायला जास्त मिळतं, शिकवणीही त्यालाच जास्त. चार वर्षांनी सगळे म्हणतात, बघा, पोरात उपजतच गुण आहे हो. त्यात खोटे दाखले वेगळेच. बारा वर्षांखालच्या मुलांच्या एका संघाच्या कर्णधाराला मिशी फुटली होती. मग राज्याच्या बर्फहॉकी मंडळानं बांगडी आणली.

मनगटापाशी हाडाच्या टोकाला मऊ कूर्चेचा एक पातळ थर असतो. मूल वाढतं ते अशाच थरांतून. वय वाढेल तसा तो थर बारीक होत जातो आणि वाढ संपली की हाडात मिसळून जातो. बांगडी म्हणजे एक जाड कडं. त्यात मनगट घालायचं. कड्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी हाडात सोडला जातो, पलीकडून तो पकडला जातो आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर हाडाचं वय उमटतं. बारा वर्षं, आठ महिने. चूक झालीच तर दोन महिन्यांची. सुई नाही, क्ष-किरण नाही. आता गट हाडाच्या वयानं पडायचे, हाडबारा, हाडतेरा, हाडचौदा. कागद खोटं बोलतो, हाड बोलत नाही, असं मंडळानं रिंकच्या भिंतीवर रंगवून घेतलं. लोकही म्हणायला लागले, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

आणि हे मोजमाप लपूनछपून करायचं नाही. बंद खोलीत मोजलं की शेजारच्या पोरीच्या आईला संशय यायचा. त्यामुळे निवडीच्या दिवशी सगळ्यांसमोर टेबल मांडायचं, हर्षदानं माइकवरून आकडा वाचायचा आणि मग ज्याचा आकडा कमी आला त्याच्या घरच्यांनी पेढे वाटायचे. हो, कमी. कारण हाड बाराचं आणि सराव चौदाचा असं पोर ज्या गटात शिरेल तिथं त्याला कोण अडवणार? आपलं लेकरू अजून वाढलं नाही याचे पेढे. हर्षदानंही ते खाल्ले होते.

बांगडी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो तिच्या थोरल्या भावाला, नंदकिशोरला. बारा एकर द्राक्ष, माल थेट परदेशी, माणूस कष्टाळू. पण एक काटा त्याच्या मनात लहानपणापासून रुतलेला. त्याचा जन्म कार्तिकातला, नोव्हेंबरचा. शाळेत घालताना मास्तरनं घाईत एक जून लिहिलं, जसं त्या काळी निम्म्या गावाचं लिहिलं जायचं. कागदावर तो पाच महिन्यांनी मोठा झाला आणि चौदाखालच्या कबड्डीच्या राज्य संघात निवड होऊनही तारखेपायी घरी आला. ती पिशवी भरून ठेवलेली, आईनं दिलेले लाडू आत तसेच. हे तो अजून सांगायचा. सांगताना त्याचा आवाज बदलायचा.

हर्षदाच्या मनात या भावाला वेगळी जागा होती. नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा भावकीतल्या कुणीकुणी तोंडं वाकडी केली. नंदकिशोरनं स्वतः टेम्पो नेऊन तिचं सामान आणलं आणि मळ्याच्या कडेला तिला दोन खोल्या बांधून दिल्या. बहीण आहे, पाहुणी नाही, एवढंच बोलला. ज्ञानदा तेव्हा पाच वर्षांची. ती आत्याच्याच मांडीवर वाढली म्हणा ना.

तर दसरा झाला, ढिगात तीनच जोड पडले आणि ते तीन जोड हर्षदाच्या डोक्यातून जाईनात. पुढच्या रविवारी राज्य संघाची हाडतेरा गटाची निवड होती. बांगडी तपासून ठेवायची म्हणून ती सोमवारी रिंकवर गेली आणि सहज जुनी मोजमापं उघडून बसली. अकरा मुलींची दोन वर्षांची. चार मुलींच्या रेषा चढत गेलेल्या, जिन्यासारख्या. सात मुलींच्या सपाट. ज्ञानदाचं हाड दोन वर्षांपूर्वी बारा वर्षं सात महिन्यांचं होतं. आता बारा वर्षं नऊ महिन्यांचं. चोवीस महिन्यांत दोन महिने.

मग तिनं दुसरा आकडा पाहिला. बांगडी आणखी एक आकडा देते. पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. तो म्हणजे नादवेग, हाडातून ध्वनी किती जोरात धावला ते. भरीव हाडातून ध्वनी सुसाट जातो, विरळ हाडात रखडतो. मंडळाच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, म्हणून तो कुणी बघायचं नाही. वाढत्या वयात तो दर वर्षी वाढायला हवा. त्या सात मुलींचा उतरत गेला होता. ज्ञानदाचा तीन हजार आठशेवरून तीन हजार सहाशेवर आलेला. असा आकडा हर्षदानं रुग्णालयातल्या हाडतपासणीच्या शिबिरात पाहिला होता, कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्यांचा.

चार-चार महिन्यांनी या मुलींची मनगटं तिनंच हातात घेतली होती. तिनंच आकडे वाचले होते, मोठ्यानं, हसून.

संध्याकाळी ज्ञानदा सरावाहून आली तेव्हा हर्षदानं आडून विचारलं नाही, काही औषध चालू आहे का असं सरळ विचारलं. पोरीनंही सरळ सांगितलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. दंडाच्या मागं एक छोटी पट्टी असते, नाण्याएवढी, महिन्याला बदलायची. नाशकातले एक डॉक्टर देतात. बाकीच्या सहा जणींनाही तेच देतात. ज्या लेकरांची वाढ अवेळी, सहाव्या-सातव्या वर्षीच सुरू होते, त्यांच्यासाठी ते औषध निघालं आहे. कूर्चेला काही काळ झोपवून ठेवतं. घरी सगळे त्याला शेंडा मारणं म्हणतात. शाळेत ती अजून पहिल्या बाकावर बसते, मैत्रिणी तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलतात, ते तेवढं आवडत नाही. पण राज्य संघ झाला की पट्टी काढायची, असं पप्पांनी कबूल केलं आहे.

"हात दुखतो का गं कधी?" हर्षदानं विचारलं.

"आपटल्यावर दुखतो. आधी नव्हता एवढा दुखत," ज्ञानदा म्हणाली. "पण आत्या, पप्पांना नको सांगू. ते मला खेळू देणार नाहीत."

तिला वाटलं पप्पा काळजीपोटी खेळ बंद करतील. बापावर पोरीचा एवढा विश्वास.

दुसऱ्या दिवशी हर्षदा मळ्यात गेली. फळछाटणी झालेली, बाया काड्यांचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावत होत्या आणि नंदकिशोर ओळीओळीतून फिरत काडी न काडी बघत होता. द्राक्षाच्या बागेत हा माणूस डॉक्टर आहे. कुठल्या दिवशी पाणी तोडायचं, कधी वाढ रोखणारी फवारणी घ्यायची, कधी शेंडा खुडायचा, कधी घड औषधात बुडवून मणी फुगवायचा, सगळं त्याला तोंडपाठ. पंचक्रोशीतली माणसं त्याला विचारून छाटणी धरतात. आणि जे वेलीवर तीस वर्षं चाललं ते लेकरावर चालेल, ही चूक फक्त असाच हुशार माणूस करू शकतो. अडाण्याची ती हिंमतच झाली नसती.

त्यानं काही नाकारलं नाही. एक छाटलेली काडी बोटांत धरून तो शांतपणे समजावायला लागला.

"वेल नुसती शेंड्याला पळत सुटली की घड सुटत नाही. शेंडा मारला की ताकद खाली उतरते. पोरीची उंची दोन वर्षं थांबवली, तेवढ्यात खेळ पक्का झाला. मग पट्टी काढायची, वाढेल की सणसणून. यात नवीन काय केलं मी?"

"वेल तू दर वर्षी छाटतोस दादा, आणि ती दर वर्षी फुटते. पोरीचं हे वय पुन्हा फुटणार नाही."

तिनं त्याला नादवेग सांगितला. हाडात चुना भरायची हीच चार-पाच वर्षं असतात, ती गेली की नंतर कितीही दूध पाजा, हाड ते हाड राहतं, हे सांगितलं. कठड्यावर आपटणं या खेळात रोजचं आहे, हेही सांगितलं. तो ऐकत होता, पण डॉक्टरनं तपासण्या केल्यात, सगळ्या नॉर्मल आहेत, असं म्हणत होता. शिवाय बाकीची सहा घरंही तेच करतात. आपण एकट्यानं हे केलं नसतं तर आपली पोर आज हाडपंधरा गटात बाकावर बसली असती आणि त्यांच्या पोरी राज्याला गेल्या असत्या. मग शेवटी तो तिथंच आला, जिथं तो नेहमी येतो.

"माझे पाच महिने कुणी परत दिले मला?"

"तुझे पाच महिने मास्तरनं खाल्ले," हर्षदा म्हणाली. तिला संताप आवरत नव्हता. "तिची दोन वर्षं तू खाल्लीस. निदान मास्तर परका होता."

पेस्ट लावणाऱ्या बायांचे हात थांबले. नंदकिशोरचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग तो मालकाच्या आवाजात म्हणाला, "तुला काही खोटं लिहायला सांगतोय का मी? बांगडी काढेल तो आकडा वाच. त्यापुढं तुझं काम नाही."

आणि खरी चीड याचीच होती, की तो नियमाला धरून बोलत होता. आकडा खराच होता. हाड बारा वर्षं नऊ महिन्यांचंच होतं. कागदाला खोटं बोलता येतं म्हणून हाडाला विचारलं, तर या लोकांनी हाडालाच शिकवून ठेवलं.

हर्षदानं मंडळाच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या खरोटे साहेबांनी सगळं सौजन्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की नियमावलीत फक्त हाडाचं वय आहे, नादवेगाला रकाना नाही, आणि रकाना नाही ती माहिती मंडळाच्या दृष्टीनं अस्तित्वात नाही. पालकांनी घरी काय औषधपाणी करावं हा त्यांचा खासगी प्रश्न. यंदा आपल्या विभागाला पदकाची आशा आहे, तेव्हा ताईंनी वातावरण बिघडवू नये. मग ती आंगमो मॅडमकडं गेली. मॅडमनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. या सात पोरी इतक्या चलाख कशा खेळतात याचा त्यांना अभिमान होता. आपल्या शिकवण्यानं खेळतात असं त्यांना वाटत होतं.

रविवारी दालन गच्च भरलं होतं. टेबल मांडलं, बांगडी ठेवली, माइक लावला. अकरा मुली अंगावर संरक्षक कपडे चढवून, हेल्मेट काखेत धरून ओळीत उभ्या राहिल्या. काचेमागं पेढ्यांचे खोके तयार. वहिनी, म्हणजे ज्ञानदाची आई, नंदकिशोरच्या शेजारी पदर सावरून बसली होती. ती कधी काच बडवायची नाही, ओरडायचीही नाही. ती सगळ्यांना डब्यातलं वाटायची आणि पोर बर्फावर पडली की डोळे मिटायची.

पहिल्या मुलीचा हात बांगडीत गेला. हर्षदानं माइकवर वाचलं, "हाडाचं वय बारा वर्षं दहा महिने." टाळ्या पडल्या. त्या थांबायची वाट बघून तिनं पुढं वाचलं, "नादवेग तीन हजार नऊशे दहा. उत्तम."

कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या मुलीचे दोन आकडे झाले. तिसरी त्या सातांतली होती. "हाडाचं वय बारा वर्षं आठ महिने. नादवेग तीन हजार सहाशे चाळीस." टाळ्यांच्या मधेच कुणीतरी विचारलं की हा दुसरा आकडा काय आहे, आधी तर कधी वाचला नाही.

"आधी वाचला नाही ही माझी चूक," हर्षदा माइकवरच म्हणाली. "हा हाडाच्या ताकदीचा आकडा आहे. या वयाला तो एकोणचाळीसशेच्या आसपास पाहिजे. छत्तीसशे म्हणजे सत्तरीतल्या बाईचं हाड. ही मुलगी कठड्यावर आपटली तर हात मोडेल. आणि वाढ थांबवायच्या पट्टीनं हे झालंय, हे इथल्या सात घरांना माहीत आहे."

मग काच वाजायला लागली. डबे, कडी, तळहात, सगळं. कुणी हिला उठवा म्हणत होतं, कुणी माइक बंद करा म्हणत होतं. तुला पोर नाही, तुला काय कळणार, असंही एक बाई ओरडली. हे नेमकं ऐकू येईल अशा बेतानं ओरडली. हर्षदानं मान वर केली नाही. चौथी, पाचवी. सहावी ज्ञानदा.

पोरीनं हात पुढं केला, पण बांगडीत घालायच्या आधी आत्याकडं पाहिलं. हर्षदानं काचेकडं पाहिलं. नंदकिशोर उभा राहिला होता आणि नाही नाही म्हणून मान हलवत होता, हळूहळू, कुणाला दिसू नये अशी. हीच मान नऊ वर्षांपूर्वी तिच्यासाठी अख्ख्या भावकीसमोर ताठ राहिली होती. पण तिनं मनगट धरून बांगडीत घातलं, अर्धं मिनिट थांबली आणि त्यानंच सांगितलेलं काम केलं. बांगडीनं काढला तो आकडा वाचला. बारा वर्षं नऊ महिने. तीन हजार सहाशे. सगळ्यांत कमी.

आंगमो मॅडमनी सातही नावांवर काट मारली. ज्या हाडाचा मला भरवसा नाही ते मी बर्फावर पाठवणार नाही, मंडळाला काय करायचं ते करू द्या, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ज्ञानदानं हेल्मेट टेबलावर आपटलं.

"तू माझा संघ घालवलास," ती आत्याला म्हणाली. "दोन वर्षं मी बुटकी राहिले ना? कशासाठी राहिले मग?"

खरं तर हे पोरीनं बापाला विचारायला हवं होतं, पण लेकरं जाब विचारतात तो जवळच्या हळव्या माणसाला.

त्याच दिवशी दिवेलागणीला वहिनी मळ्याच्या कडेच्या खोल्यांवर आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती आणि पुडीत ती नाण्याएवढी पट्टी. पोरीच्या दंडावरून तिनं स्वतः काढली होती. सगळे लावतात असं हे म्हणाले, मी आई असून विचारलं नाही, एवढं बोलून ती उंबऱ्यावरच रडत बसली. हर्षदानं तिला पाणी दिलं. रागवावंसं वाटत होतं, पण आकडे वाचून पेढे खाणाऱ्या बाईनं कुणावर रागवायचं.

पुढं जे झालं ते कुणालाही सांगता आलं असतं. फॉर्ममध्ये नसलेली माहिती जाहीर वाचली म्हणून मंडळानं हर्षदाला कामावरून काढलं. डॉक्टरचा दवाखाना चालूच राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती पुन्हा ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरणांवर रुजू झाली. ओरड फारच झाली तेव्हा मंडळानं फॉर्ममध्ये नादवेगाचा रकाना वाढवला. त्यानंतर तीन महिन्यांत एक पालक तिच्याकडं रुग्णालयात आला, दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, नादवेग वाढवायची काही गोळी येते का, पट्टी चालू ठेवून घेता येईल अशी? हर्षदानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं. दार इतक्या जोरात लावलं की रांगेतले पेशंट उठून उभे राहिले.

नंदकिशोर वर्षभर तिच्याशी बोलला नाही. भाऊबीजेला ओवाळायचं ताट तयार करून ती बसली, तो आला नाही. ज्ञानदाही आली नाही. वहिनी अधूनमधून येऊन सांगायची. पोरीला गोळ्या चालू आहेत, ऊन खाते, दूध पिते. फेब्रुवारीपर्यंत काही नाही. मग पाय दुखायला लागले, रात्री पोटऱ्या चोळून द्याव्या लागतात. मग सलवारी आखूड व्हायला लागल्या. खेळ मात्र पार बिघडला. शरीर रोज नवीन, तोल जातो, सरळ जातानाही पडते. हाडचौदा गटात शेवटच्या फळीत घेतलंय मॅडमनी.

दसरा आला. आंगमो मॅडमनी हर्षदाला निरोप पाठवला, की मोजायला नका येऊ, पानं द्यायला या. ती काचेजवळ उभी राहिली. मधल्या ढिगात नऊ जोड होते. गेल्या वर्षी तीन होते, त्या मानानं पुष्कळ, पण सातांतल्या तीन घरांनी याही वर्षी काही ठेवलं नव्हतं. त्यांच्या पोरी भिंतीपाशी उभ्या होत्या, गेल्या वर्षीएवढ्याच. त्यांच्याकडं बघून हर्षदाचं पुन्हा डोकं फिरलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. ज्ञानदा होती. हर्षदाला मान वर करून बघावं लागलं. हातात तेच जुने बूट, पण घासूनपुसून लख्ख, नव्या नाड्या ओवलेले.

"पप्पांनी रात्री धार लावली पात्यांना," ती म्हणाली. "म्हणाले, शरयूला मिळणार आहेत तर नीट दे."

"तो आलाय?"

"बाहेर गाडीत बसलेत. पानं घेऊन." मग ती खाली बघत म्हणाली, "आत्या, मी अजून थोडी चिडलेली आहे तुझ्यावर."

"चीड," हर्षदा म्हणाली. "तुझा हक्क आहे. आधी बूट घाल बघू एकदा. मॅडमचा नियम आहे, तपासल्याशिवाय ढिगात ठेवायचा नाही."

ज्ञानदा बाकावर बसली. तिनं पाय आत सारला, तोंड वेडंवाकडं केलं, बोटं पुढच्या टोकाला टेकवली. हर्षदा तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि टाचेमागं आपलं बोट घालायला गेली. एकदा प्रयत्न केला, नाडी सैल करून पुन्हा केला. बोट आत जाईना.